हौसेला मोल नाही, म्हणून कष्टालाही नाही?

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण मराठीत रूढ झाली ती खर्च करणाऱ्या माणसाला उद्देशून. लेकीच्या लग्नात ऐपतीपलीकडे जाऊन वाजंत्री लावणारा बाप किंवा पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावताना हात आखडता न घेणारा शेतकरी यांना समाजाने या म्हणीच्या आधारे समजून घेतले. आपल्या आनंदासाठी माणूस पदरचे घालतो, तेव्हा त्याला हिशेब विचारू नये, एवढाच तिचा अर्थ. आजच्या बाजाराने मात्र ही म्हण उलटी फिरवून काम करणाऱ्याच्या गळ्यात बांधली आहे. घरी बसून कापड बेतणारी, यंत्रावर टिपा मारणारी, हाताने हेम घालणारी आणि तयार झालेली वस्तू चार पैशांना विकणारी बाई हे सारे ‘हौसेने’ करते, असे एकदा ठरवून टाकले की तिच्या कष्टांना मोल देण्याची जबाबदारी उरत नाही. हौस हा शब्द गोड खरा, परंतु शिवणकामाच्या व्यवहारात त्याचा उपयोग मजुरी बुडवण्याचे साधन म्हणून राजरोस होत आहे. या लेखाचा रोख त्या वापरावर आहे.

शहागंजातील एकच गल्ला, दोन गिऱ्हाइके

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादच्या, शहागंज भागात ज्याने एखादी दुपार घालवली असेल त्याला शिवणकामाचे अर्थशास्त्र पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा, शाही मशीद, महात्मा गांधींचा पुतळा आणि या सर्वांना वेढून असलेली कापडाची, चपलांची, फळांची, भांड्यांची गजबज हे शहागंजचे रूप. रमजानच्या दिवसांत येथे रात्रीचा दिवस होतो. महालक्ष्म्यांच्या आधी मुखवट्यांना नेसवायच्या साड्यांसाठी आणि मखराच्या सजावटीसाठी बायकांची झुंबड उडते. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली तेव्हापासून कापड हे या शहराच्या ओळखीचे एक अंग आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांतून विणला जाणारा हिमरू याच शहराचा. १८८९ साली येथे कापसाची गिरणी उभी राहिली. गिरणी इतिहासजमा झाली आणि हिमरूचे हातमाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. आता अनेक दुकानांत हिमरू म्हणून जे विकले जाते त्यात यंत्रमागाचा वाटा मोठा असतो. परंतु कापडावर जगणारे हात या शहरातून नाहीसे झाले नाहीत. त्यांना मागावरून उठवण्यात आले आणि ते शिवणयंत्रावर जाऊन बसले.

शहागंजातील कापडाच्या आणि लेस-बटणांच्या दुकानांत दोन प्रकारच्या बायका भेटतात. एक येते सिडको-हडकोतून, उस्मानपुऱ्यातून, गारखेड्यातून. घरात नोकरी करणारा पुरुष आहे, मुले शाळेत आहेत. तिने शाळेत किंवा माहेरी शिवण शिकलेले असते. ती कापडी पिशव्या, बाळाची झबली-टोपरी, कुंच्या, दुपटी, तोरणे, रुखवताच्या वस्तू करते आणि ओळखीपाळखीत, हळदीकुंकवाला, दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनात किंवा अलीकडे भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाठवून विकते. दुसरी येते शहागंजला लागूनच असलेल्या चेलीपुऱ्यातून किंवा त्यापलीकडच्या किराडपुरा, जिन्सी, बायजीपुरा या वस्त्यांतून. ती परकर, गाऊन, बुरखे, गणवेश यांच्या कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा घरी नेते आणि नगावर शिवून देते. शेजारणींचे ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. पहिलीला समाज ‘छंद जोपासणारी गृहिणी’ म्हणतो. दुसरीला काही म्हणण्याचीही त्याला गरज वाटत नाही. एकाच गल्ल्यावर उभे राहून दोघी अस्तराच्या त्याच ठाणाचा भाव विचारतात. एकमेकींचे नाव त्यांना ठाऊक नसते. आणि तरीही त्या दोघी रोज एकमेकींची मजुरी ठरवत असतात.

हौसेचा हिशेब

प्रथम पहिलीचा हिशेब पाहू, कारण हिशेब न करण्याची सवय तिलाच अधिक लावण्यात आली आहे. उदाहरणादाखल एक कापडी पिशवी घ्या. कापड, अस्तर, चेन, दोरा मिळून शंभर रुपये लागले. बेतणे, कापणे, अस्तर जोडणे, चेन बसवणे, उलटून टीप मारणे यांत तीन तास गेले. पिशवी दीडशे रुपयांना विकली. ‘पन्नास रुपये सुटले’ असे ती आनंदाने सांगते. आता प्रदर्शनातल्या टेबलाचे भाडे एक हजार आणि विकल्या गेलेल्या पिशव्या चाळीस, असे धरा. म्हणजे पिशवीमागे पंचवीस रुपये तेथेच गेले. उरलेले पंचवीस रुपये ही तीन तासांची मजुरी! तासाला आठ रुपये आणि वर काही पैसे. आठ तासांच्या दिवसाला सदुसष्ट रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. यात वीज धरलेली नाही, तुटलेल्या सुया धरलेल्या नाहीत, यंत्राची झीज नाही, शहागंजला येण्याजाण्याचे रिक्षाभाडे नाही, आणि विकल्या न गेलेल्या पिशव्याही नाहीत.

हा आकडा कशाशी ताडून पाहावा? महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ या वर्षासाठी ठरलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. रस्त्यावर माती टाकणाऱ्या मजुराची ती मजुरी पुरेशी होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु सुशिक्षित, हातात कसब असलेली, स्वतःचे भांडवल आणि स्वतःचे यंत्र घालणारी बाई त्याच्या चौथा हिस्सादेखील मिळवत नाही. आणि हा तोटा तिने ‘वेळ छान गेला’ म्हणून गोड मानून घ्यावा, अशी भोवतालच्या सर्वांची अपेक्षा असते. ‘वहिनी, घरीच तर शिवता तुम्ही. दुकानाचं भाडं नाही, कारागिराचा पगार नाही. दीडशे फार होतात,’ असे गिऱ्हाईक सांगते आणि वहिनी ओशाळून वीस रुपये कमी करतात. कारागिराचा पगार नाही हे कसे? कारागीर तर समोर उभी आहे! तिच्या पगाराचा खाना कोरा सोडला म्हणून ती कारागीर नाही, असे कसे ठरते?

‘पण ती फावल्या वेळात शिवते ना?’ हा यावरचा नेहमीचा प्रश्न. फावला वेळ म्हणजे काय, याचा विचार कामगार चळवळीने फार पूर्वी केलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमिकाचा अधिकार आहे, हे त्या लढ्याने प्रस्थापित केले. त्या अधिकाराचा घरातल्या बाईला अद्याप स्पर्शही झालेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात बायका दिवसाची सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८. जी बाई स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचा अभ्यास, सासूसासऱ्यांचे पथ्यपाणी यांत जवळपास पाच तास घालवते, तिचा शिवणाचा वेळ ‘फावला’ कसा? तो तिने झोपेतून काढलेला असतो, दुपारच्या आडवे होण्यातून काढलेला असतो. खरी हौस करायला आधी खरी फुरसत लागते. फुरसत द्यायची नाही, आणि तिच्या जास्तीच्या कामाला मात्र फुरसतीचा उद्योग म्हणून नाव ठेवायचे, हा दुहेरी अन्याय आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हौसेशी आमचे वैर नाही. नातवासाठी आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी, मैत्रिणीच्या बाळंतपणाला कोणी हाताने विणलेले टोपरे न्यावे, यांत माणसाच्या आयुष्याची शोभा आहे. हाताने काही घडवण्याचा आनंद सर्वांना मिळावा, यासाठीच तर कामाचे तास कमी करण्याचे लढे झाले. परंतु ज्या क्षणी वस्तूवर किंमत लिहिली जाते त्या क्षणी ती भेट राहत नाही. ती बाजारात उतरते आणि बाजारातल्या दुसऱ्या वस्तूंच्या किमतीवर परिणाम करू लागते. तेथे ‘माझ्यापुरते’ असे काही उरत नाही.

एकीची उदारता, दुसरीची उपासमार

आता दुसरीकडे वळू. गठ्ठ्यावर काम करणाऱ्या बाईचा दर कोण ठरवतो? दुकानदार म्हणतो, बाजार ठरवतो. मध्यस्थ म्हणतो, दुकानदार ठरवतो. बाईला एवढेच कळते की मागच्या वर्षी होता तोच दर आहे आणि दोऱ्याची रीळ मात्र महागली आहे. दोरा तिचा, वीज तिची, यंत्राला तेल तिचे. टीप वाकडी गेली तर पैसे कापून घेतले जातात, आणि ती वाकडी होती की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या घेणाऱ्याचा. काम कधी येईल ते सांगता येत नाही. ईद, दिवाळी, लग्नसराई, शाळा उघडण्याचे दिवस यांत रात्ररात्र जागून पाय दुखेपर्यंत यंत्र चालवायचे आणि एरवी हात जोडून बसायचे. शेजारच्या घरात त्याच मालकाचा गठ्ठा कोणत्या दराने येतो, हे विचारण्याची सोय नाही, कारण विचारणारीचा गठ्ठा पुढच्या आठवड्यात बंद होऊ शकतो. कारखान्यात शंभर बाया एका छपराखाली बसल्या असत्या तर निदान दर तरी एकमेकींना कळले असते. घरोघर विखुरलेल्या कामगाराला एकटे ठेवण्यासाठी मालकाला भिंत बांधावी लागत नाही. ती तिच्या घरालाच असते.

हा प्रकार नवा नाही. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने शिवणयंत्राची आणि त्याच्या आधारे चालणाऱ्या घरगुती उद्योगाची सविस्तर दखल घेतली आहे. यंत्र घरात आले म्हणून घर स्वतंत्र होत नाही. कारखान्याचे जे नियम बाईला थोडेफार संरक्षण देऊ शकले असते तेवढे मात्र दारातच राहतात, हे त्या काळच्या इंग्लंडमध्ये दिसून आले होते. दीडशेहून अधिक वर्षांनंतर जिन्सीतल्या खोलीत ते जसेच्या तसे पाहायला मिळते.

अशा बाईने दोन रुपये वाढवून मागितले की तिला काय ऐकवले जाते? ‘अहो, अमक्या बाई तर एवढ्यात करून देतात. चांगल्या घरच्या आहेत, हौस म्हणून करतात.’ पहिलीची हौस दुसरीच्या मजुरीवर अशी येऊन आदळते. नवऱ्याच्या पगारावर ज्या घराचा शिधा भरतो तेथली बाई आपल्या तीन तासांवर शून्य लिहू शकते. जिच्या शिवणावर दूध आणि घरभाडे अवलंबून आहे ती लिहू शकत नाही. परंतु दोघींची पिशवी बाजारात शेजारी शेजारी टांगली जाते आणि गिऱ्हाईक कमी किमतीची उचलते. पहिलीच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नसतो. तिला वाटते, आपण उदार आहोत. वस्तुतः तिच्या उदारतेचा खर्च किराडपुऱ्यातली बाई भरते आणि फायदा दोघींच्याही ओळखीचा नसलेला व्यापारी घेतो.

म्हणूनच या प्रश्नात सुस्थितीतल्या बाईला दोषी ठरवून मोकळे होण्याला अर्थ नाही. तिचीही लूट होतच आहे, फक्त तिला ती अजून जाणवलेली नाही. तिच्या कामाचे ‘किती सुंदर’, ‘हाताला काय कला आहे’ असे कौतुक होते आणि कौतुकाच्या बदल्यात भाव पाडून घेतला जातो. हीच पिशवी, हीच गोधडी एखाद्या महागड्या दालनात ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावून टांगली की तिची किंमत कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे हाताच्या कामाला मोल द्यायला या समाजाची हरकत नाही. ते मोल हाताच्या मालकिणीला मिळण्याला त्याची हरकत आहे.

यंत्र द्यायचे, दर द्यायचा नाही

सरकार या सगळ्यात कोठे आहे? व्यासपीठावर आहे. शिवणयंत्रांचे वाटप हा आपल्या राजकारणातला एक ठरीव कार्यक्रम झाला आहे. रांगेत उभ्या केलेल्या विधवा आणि परित्यक्ता, हार घातलेली यंत्रे, मध्यभागी नेते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. ते यंत्र घेऊन ती बाई शिवणार काय, कोणासाठी आणि कोणत्या दराने, हा प्रश्न त्या व्यासपीठावर कधीही विचारला जात नाही. एका वस्तीत पन्नास यंत्रे नवी आली आणि काम पूर्वीइतकेच राहिले, तर दर वाढेल की पडेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा कारागिरी आहेत आणि शिंपीकाम त्यांपैकी एक आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाचे कर्ज पाच टक्के व्याजाने. योजनेतील तरतुदी उपयोगी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचा लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. ज्या घरात नवरा दुकानात कापतो आणि बायको घरी शिवते त्या घरात कारागीर म्हणून कोणाचे नाव जाईल? योजना एका घरात एकच कारागीर पाहते, आणि बाईच्या वाट्याला पुन्हा ‘मदत करणारी’ हेच पद येते.

याहून बोलके उदाहरण गणवेशांचे आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्र शासनाने शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना राबवली. कापड शासन देणार, शिलाई बचत गटांच्या महिला करणार, असे सांगण्यात आले. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात एका गणवेशाच्या शिलाईला इतर खर्चासह ११० रुपये धरण्यात आले. गणवेश म्हणजे एक कपडा नव्हे. वरचा आणि खालचा मिळून दोन. हा दर परवडत नाही अशी ओरड ठिकठिकाणांहून झाली, गणवेश उशिरा पोचले, मापे चुकली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शासनाने गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. खापर अर्थातच शिवणाऱ्यांवर फुटले. ज्या सरकारने किमान वेतनाचे रक्षण करायचे त्याने हा दर कोणत्या तासांच्या हिशेबावर काढला होता, हे विचारले पाहिजे. मुलींच्या खात्यात आणि बहिणींच्या खात्यात पैसे टाकण्याचे श्रेय घ्यायला सारे पुढे येतात. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपयांची मदत सुरू झाली, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ती मिळावी, तिला आमचा विरोध नाही. परंतु मदत ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि मजुरी ही घेणाऱ्याच्या हक्कावर. बाईला मदत देताना तिच्या मजुरीचा प्रश्न मिटला असे मानणे ही फसवणूक आहे.

कायद्याची कहाणी तर आणखीच उद्बोधक आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, माल घरी नेऊन तो तयार करून देणाऱ्या माणसालाही कामगार मानले होते. हा शब्द सत्तर वर्षे पुस्तकात होता. त्याचा उपयोग करून गठ्ठ्याचा दर तपासायला सरकारी निरीक्षक किती घरांत गेले? १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला आणि अशा कामगाराला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी हे तत्त्व मान्य केले. भारताने त्या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ साली ‘श्रमशक्ती’ अहवालात स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची स्थिती देशापुढे मांडली होती. २००८ साली असंघटित कामगारांचा कायदा आला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरी बसून काम करणारा कामगार’ अशी व्याख्या आहे. परंतु त्या व्याख्येच्या पाठोपाठ नोंदणी आणि योजना येतात. दर येत नाही. ओळखपत्र मिळते, मोल मिळत नाही.

पुतळ्याला विचारा

शहागंजात गांधींचा पुतळा आहे. दोन ऑक्टोबरला तेथे हार घातले जातात. त्या पुतळ्याच्या पायाशी उभे राहून दोन गोष्टींचे स्मरण करावे.

पहिली १९२४ सालची. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधींना त्या वर्षी एका तरुणाने प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले. सिंगरने बायकोचे डोळ्यांना आणि बोटांना होणारे कष्ट पाहून हे यंत्र केले, अशी कथा सांगून ते म्हणाले की या यंत्रामागे माणसाचा कळवळा आहे, लोभ नाही. आणि मग ही यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांचे काय, असे विचारल्यावर, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत असे म्हणण्याइतका मी समाजवादी आहे, असा आशय त्यांनी व्यक्त केला. कळवळ्यातून आलेले हे यंत्र लोभाच्या कामाला जुंपले जाऊ नये, ही त्यांची अट होती. शंभर वर्षांत यंत्र घरोघर गेले, अट मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही.

दुसरी गोष्ट १९३५ सालची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. सूत कातणाऱ्या बायकांना चरखा संघ देत असलेली मजुरी अतिशय तुटपुंजी होती. खादी स्वस्त असावी, म्हणजे ती खपेल, असा व्यवहारी युक्तिवाद केला जात होता. गांधींनी तो नाकारला. कातणारीला जगण्यापुरती मजुरी दिलीच पाहिजे, मग खादी महागली तरी चालेल, असा आग्रह त्यांनी धरला आणि चरखा संघाने कताईची किमान मजुरी वाढवण्याचे धोरण स्वीकारले. आज ‘हाताच्या वस्तू महाग झाल्या तर घेणार कोण?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे. चरखा चालवणे हे त्या काळी राष्ट्रकार्य मानले जात होते. तरीदेखील त्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे गांधींना मान्य झाले नाही. मग नुसत्या हौसेच्या नावाखाली ते आपण का मान्य करावे?

‘दर वाढवले तर काम सुरतेला जाईल, यंत्रांवर जाईल’ ही भीतीही नेहमी घातली जाते. जे जाण्यासारखे होते ते केव्हाच गेले आहे. उरले आहे ते मापाचा ब्लाऊज, साडीचा फॉल, उसवलेल्या कपड्यांची दुरुस्ती, गावातल्या शाळेचा गणवेश, गोधडी आणि सणाची सजावट. हे काम माणसाच्या अंगाशी आणि घराच्या उंबऱ्याशी बांधलेले आहे. ते रेल्वेत घालून पाठवता येत नाही. आणि बाईने उपाशी राहून दर खाली ठेवला तरच काम गावात राहील, अशी जर व्यवस्था असेल, तर ती व्यवस्था टिकवण्याची जबाबदारी बाईची नाही.

दर ठरवता येतो

नगावर चालणाऱ्या, घरोघर विखुरलेल्या कामाला दर कसा ठरवणार, असे विचारणाऱ्यांनी मराठवाड्याचाच इतिहास आठवावा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर याच भागातल्या लाखो बाया उभ्या राहिल्या. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आकाराला आला. तेथे काम मोजून मजुरी दिली जाई. परंतु मापाचा दर ठरवताना एक तत्त्व मान्य करण्यात आले: सर्वसाधारण माणसाने दिवसाचे सात तास नेटाने काम केले, तर त्याच्या हाती ठरलेली मजुरी पडेल, असाच दर असला पाहिजे. दगडाची खडी जर अशी मोजता येते, तर परकर का मोजता येऊ नये? सर्वसाधारण शिवणारीला एका परकराला, एका ब्लाऊजला, एका साडीच्या फॉलला किती वेळ लागतो, हे शहागंजातला कोणताही जाणकार शिंपी तासाभरात सांगेल. त्या वेळेला किमान वेतनाने गुणा, दोरा-वीज-झीज यांचा खर्च वर धरा, दर तयार झाला.

विखुरलेल्या कामगाराला संरक्षण देता येत नाही, हेही खोटे आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळख दिली. सोलापूर आणि सिन्नरच्या बायकांनी त्या आधारावर लढे दिले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले. हमालाला एक मालक नसतो. आज या दुकानाचे पोते, उद्या त्या दुकानाचे. तरीही मंडळ स्थापन झाले, दुकानदार आणि हमाल दोघांची नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत देण्याची आणि तिच्यावर आकारणी करून सुटी, भविष्यनिधी, उपचार यांची तरतूद करण्याची पद्धत बसली. अनेक मालकांच्या एका हमालाला जे मिळू शकते ते अनेक दुकानांच्या एका शिवणारीला मिळण्यात अडचण कोणती? अडचण एवढीच की हमाल रस्त्यावर उभा राहून दिसतो, आणि शिवणारी दाराआड असते.

आमच्या मागण्या म्हणून पुढीलप्रमाणे आहेत. घरी शिवणाऱ्या कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ स्थापन करावे आणि गठ्ठा देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराची व मध्यस्थाची त्यात नोंदणी सक्तीची करावी. गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, अंगणवाडीचे कपडे अशा सर्व सरकारी खरेदीतील शिलाईचे दर तासांच्या हिशेबाने ठरवून जाहीर करावेत. विश्वकर्मा योजनेतील एका कुटुंबात एकच लाभार्थी ही अट रद्द करावी. १७७ क्रमांकाच्या कराराला भारताने मान्यता द्यावी. शहागंजच्या रस्त्याकडेला कापडी पिशव्या आणि गोधड्या मांडून बसणाऱ्या बायकांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षणात नोंदवून जागा द्यावी. सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणालाही उठवू नये, असे तो कायदा सांगतो, आणि नगर पथविक्रेता समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात हेही तोच सांगतो.

परंतु सर्व काही सरकारकडे मागून थांबण्यात हशील नाही. सुरुवात शहागंजातच, आणि बायकांनीच, करता येण्यासारखी आहे. गठ्ठ्यावर शिवणाऱ्या आणि हौसेने शिवून विकणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या बायकांनी एकत्र बसून एक दरफलक तयार करावा. परकराला किती, ब्लाऊजला किती, फॉल-पिकोला किती, अस्तर लावलेल्या पिशवीला किती, गोधडीच्या हातभर धावदोऱ्याला किती. त्या फलकाच्या खाली कोणीही शिवू नये आणि कोणीही विकू नये. वरच्या उदाहरणातल्या पिशवीचा तीन तासांचा दर रोजगार हमीच्या मजुरीनेच धरला, तरी तिची किंमत दोनशे चाळीस रुपयांच्या खाली येत नाही. सिडकोतल्या बाईने ती दोनशे चाळीसला विकली, तर किराडपुऱ्यातल्या बाईला कोणी दीडशेचे उदाहरण देऊ शकणार नाही. जिला पैशांची गरज नाही तिने वरचे पैसे खुशाल दान करावेत. भाव मात्र पाडू नये.

आणि गिऱ्हाइकांनी, ज्यांत या पानाचे बहुसंख्य वाचक येतात, एवढे तरी करावे: भाजीवालीशी घासाघीस केली नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्यांनी शेजारच्या वहिनींनी शिवलेल्या वस्तूची किंमत ऐकल्यावर ‘घरीच तर शिवता’ हे वाक्य तोंडातून काढू नये. त्याऐवजी विचारावे, ‘किती तास लागले?’ उत्तर ऐकून आकडा मनातल्या मनात गुणावा आणि मग खिशात हात घालावा. येत्या लग्नसराईच्या आधी हा दरफलक शहागंजच्या भिंतीवर लागावा आणि त्याच्या प्रती कापडाच्या प्रत्येक दुकानात पोचाव्यात, यासाठी शहरातील कामगार संघटनांनी, महिला मंडळांनी आणि बचत गटांनी आपापले मतभेद बाजूला ठेवून पुढे यावे, असे आमचे त्यांना आवाहन आहे.